विश्लेषण : टेस्टिंग टीम ‘सर्टिफाइड’ करायची, तर कंपन्यांनी नियोजन कसे करावे?

नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की अनेक आयटी कंपन्यांमध्ये टेस्टिंग टीमच्या वार्षिक उद्दिष्टांत एक ओळ येते : ‘अमुक टक्के टेस्टर डिसेंबरपर्यंत प्रमाणित झाले पाहिजेत.’ ही ओळ लिहायला एक मिनिट पुरते. पण परीक्षेचे शुल्क कोण भरणार, अभ्यास ऑफिसच्या वेळेत होणार की शनिवार-रविवारी, नापास झालेल्याच्या अप्रेझलचे काय, याची उत्तरे त्यात नसतात. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, या प्रमाणपत्रामुळे ग्राहकाच्या हाती जाणारे सॉफ्टवेअर खरेच सुधारते का? प्रमाणपत्राचा उपयोग आहे, पण तो नियोजनावर ठरतो. ते कसे, ते पाहू.

हे प्रमाणपत्र कोण देते?

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सर्वाधिक चालणारे प्रमाणपत्र आयएसटीक्यूबी म्हणजे ‘इंटरनॅशनल सॉफ्टवेअर टेस्टिंग क्वालिफिकेशन्स बोर्ड’ या संस्थेचे आहे. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये टेस्टिंगची पायाभूत परीक्षा सुरू झाली होती. तोच धागा पुढे नेत काही देशांच्या मंडळांनी एकत्र येऊन २००२ मध्ये एडिंबरो येथे ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. प्रत्येक देशात तिचे सदस्य मंडळ असते. भारतात ते काम इंडियन टेस्टिंग बोर्ड पाहते.

पहिली पायरी ‘फाउंडेशन’. त्यानंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि ‘एक्स्पर्ट’ स्तर. शिवाय मोबाइल अ‍ॅप, परफॉर्मन्स, सिक्युरिटी, ऑटोमेशन, एआय अशा विषयांची स्वतंत्र प्रमाणपत्रे आहेत. फाउंडेशनच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. त्यामुळे २०११ च्या अभ्यासक्रमावर उत्तीर्ण झालेला टेस्टर आणि २०२३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीवर उत्तीर्ण झालेला टेस्टर कंपनीच्या तक्त्यात एकाच रकान्यात मोजले जातात. दरम्यानच्या काळात काम करण्याची पद्धत मात्र पूर्ण बदलली आहे.

परीक्षेचे स्वरूप काय?

फाउंडेशनच्या परीक्षेत ४० बहुपर्यायी प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६५ टक्के, म्हणजे २६ गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मातृभाषेखेरीज अन्य भाषेत परीक्षा देणाऱ्यांना २५ टक्के जादा वेळ देण्याची तरतूद आयएसटीक्यूबीच्या नियमांत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना ती माहीत नसते. तिच्याबद्दल नोंदणी करतानाच विचारून घेतलेले बरे.

अधिकृत क्लास लावणे बंधनकारक नाही. अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्नपत्रिका, त्यातील उत्तरांच्या स्पष्टीकरणासह, आयएसटीक्यूबीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. अभ्यासक्रमात सहा प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाला किमान किती वेळ द्यावा, हेही छापलेले आहे. सर्वाधिक ३९० मिनिटे टेस्ट तयार करण्याच्या तंत्रांना, त्याखालोखाल ३३५ मिनिटे नियोजन व व्यवस्थापनाला. टूल्सच्या वाट्याला अवघी २० मिनिटे येतात. एकूण बेरीज १,१३५ मिनिटे, म्हणजे साधारण १९ तास. कंपनीच्या नियोजनात हाच आकडा सर्वाधिक उपयोगी ठरतो. त्याकडे पुढे येऊ.

उत्तीर्ण झाला म्हणजे टेस्टिंग आले का?

याचे उत्तर प्रश्नपत्रिकेच्या रचनेतच आहे. ४० पैकी ११ प्रश्न टेस्ट तयार करण्याच्या प्रकरणावर असतात. प्रत्येक प्रश्नाला एक गुण. एखाद्याने हे अकराही प्रश्न चुकवले आणि बाकी सगळे बरोबर सोडवले, तर त्याला २९ गुण मिळतात आणि तो आरामात उत्तीर्ण होतो. तंत्र प्रत्यक्ष वापरून उत्तर काढावे लागेल, असे प्रश्न तर आठच असतात. ते सगळे चुकले तरी ३२ गुण मिळू शकतात.

प्रत्यक्ष कामात याच आठ प्रश्नांतले कौशल्य लागते. समजा, एसटीच्या तिकीट यंत्रातील सॉफ्टवेअर तपासायचे आहे. ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट आणि २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट, असे सवलतींचे नियम आहेत. वरवर पाहता तीनच नियम, म्हणजे तीन टेस्ट पुरतील असे वाटते.

पण ६४, ६५, ७४ आणि ७५ ही वये वेगवेगळी तपासावी लागतात, कारण नियमाच्या काठावरच चूक होण्याची शक्यता जास्त असते. याला ‘बाउंडरी व्हॅल्यू’ तंत्र म्हणतात. मग ७० वर्षांच्या महिलेचे काय? तिला दोन्ही नियम लागू होतात. यंत्राने ५० अधिक ५० अशी बेरीज केली, तर तिकीट शून्य रुपयांचे निघेल. ७६ वर्षांच्या महिलेला महिला म्हणून निम्मे तिकीट द्यायचे की ज्येष्ठ म्हणून मोफत न्यायचे? आणि बस राज्याची हद्द ओलांडून जाणार असेल तर? अशा सगळ्या जोड्या कागदावर मांडण्याच्या पद्धतीला ‘डिसिजन टेबल’ म्हणतात. तिची व्याख्या पाठ असणे आणि समोरच्या नियमांवरून ती मांडता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र पहिल्या गोष्टीची खात्री देते. दुसरीची खात्री कंपनीला स्वतःच करून घ्यावी लागते.

तरीही कंपन्यांना प्रमाणपत्र का हवे असते?

कारणे व्यावहारिक आहेत. परदेशी क्लायंट आणि सरकारी खात्यांच्या काही निविदांमध्ये प्रमाणित टेस्टरांची संख्या विचारली जाते. आयएसटीक्यूबीचा कंपन्यांसाठी ‘पार्टनर प्रोग्रॅम’ही आहे. त्यात कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांना गुण असतात आणि त्यावरून कंपनीला सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा दर्जा मिळतो. असा दर्जा क्लायंटपुढील सादरीकरणात मिरवता येतो.

एक खरा फायदाही आहे, तो म्हणजे समान भाषा. माणसाची चूक, त्यामुळे कोडमध्ये राहिलेला दोष आणि त्या दोषामुळे प्रत्यक्ष घडलेला बिघाड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यातला टेस्टर, हैदराबादचा डेव्हलपर आणि लंडनचा क्लायंट या तिघांनी तिन्हींना सरसकट ‘बग’ म्हटले, तर निम्मी मीटिंग शब्दांतच जाते. फाउंडेशनचा अभ्यास हा गोंधळ दूर करतो. नव्याने भरती झालेल्या, कॉलेजात टेस्टिंगचा फारसा अभ्यास न झालेल्या अभियंत्यांसाठी तर तो चांगला पाया आहे.

या क्षेत्रातील सगळेच याच्याशी सहमत नाहीत. सेम केनर, जेम्स बाख, मायकेल बोल्टन यांसारखे नामवंत टेस्टर वर्षानुवर्षे अशा प्रमाणपत्रांवर टीका करत आले आहेत. टेस्टिंग हे परिस्थितीनुसार विचार करण्याचे कौशल्य आहे, ते बहुपर्यायी प्रश्नांत मावत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. २०१४ मध्ये टेस्टिंगच्या आयएसओ २९११९ या मानकाविरोधात टेस्टरांनीच सह्यांची मोहीम काढली होती. तिच्या मुळाशीही हाच वाद होता.

मोठे बिघाड टेस्टरच्या अज्ञानामुळे होतात का?

ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २० ते २२ एप्रिल २०१८ या शनिवार-रविवारच्या सुट्टीला जोडून बँकेने लाखो ग्राहकांची खाती लॉइड्सच्या जुन्या यंत्रणेवरून, मालक असलेल्या स्पॅनिश बँक सबादेलच्या नव्या यंत्रणेवर हलवली. माहिती सुखरूप हलली, पण यंत्रणा कोलमडली. सुमारे १९ लाख ग्राहकांना ऑनलाइन बँकिंग वापरता येईना. व्यवहार पूर्ववत व्हायला त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

पुढे स्वतंत्र चौकशीत काय आढळले? नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती, पण भाराची चाचणी त्यांपैकी एकाच सेंटरवर घेण्यात आली होती. हा प्रकार टेस्टरला व्याख्या न आल्यामुळे घडला नव्हता. जी यंत्रणा ग्राहक वापरणार, तिचीच चाचणी झाली आहे का, हे विचारून मगच होकार देण्याची जबाबदारी वरच्या पातळीवर होती. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश नियामकाने बँकेच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही ८१,६२० पौंडांचा वैयक्तिक दंड केला.

भारतातही नियामकाचा रोख व्यवस्थेवरच असतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये वारंवारच्या बिघाडांनंतर एचडीएफसी बँकेचे नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवली. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक जोडण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. कोटकच्या बाबतीत नोंदवलेल्या त्रुटींमध्ये सॉफ्टवेअरमधील बदल आणि पॅच यांचे व्यवस्थापन हाही मुद्दा होता. दोन्ही बँकांवरील निर्बंध पुढे उठले, पण त्यासाठी महिने गेले.

प्रमाणपत्रे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. फक्त टेस्टरांना परीक्षेला बसवून आणि मॅनेजर, डेव्हलपर, रिलीजला मंजुरी देणारे अधिकारी यांना बाहेर ठेवून केलेले नियोजन अर्धवट असते, हा त्याचा अर्थ आहे.

नियोजनाची सुरुवात कुठून करावी?

अभ्यासक्रमांच्या यादीपासून सुरुवात करू नये. आधी गेल्या सहा महिन्यांत ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या दोषांची यादी काढावी आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा : हा आधी कुठे पकडता आला असता?

बरेच दोष अपुऱ्या किंवा संदिग्ध मागणीपत्रकामुळे आले असतील, तर टेस्टरच्या आधी बिझनेस अ‍ॅनालिस्टला ‘रिव्ह्यू’चे प्रकरण शिकवण्याची गरज आहे. दोष गर्दीच्या वेळी सर्व्हर मंदावल्यामुळे आले असतील, तर अख्ख्या टीमच्या फाउंडेशनपेक्षा दोघा-तिघांचे परफॉर्मन्स टेस्टिंगचे प्रशिक्षण उपयोगी पडेल. एका ठिकाणी दुरुस्ती केल्यावर दुसरीकडे मोडतोड होत असेल, तर ऑटोमेशन आणि रिग्रेशन टेस्टिंगकडे पाहावे लागेल. आणि टेस्टरने दोष नोंदवला होता, पण तारीख पाळायची म्हणून तो बाजूला ठेवला गेला, असे वारंवार घडले असेल, तर त्यावर कोणतीही परीक्षा हा उपाय नाही.

या यादीवरून कोणी काय शिकायचे ते ठरते. नव्यांना फाउंडेशन, व्यवसायाचे नियम तपासणाऱ्या अनुभवींना टेस्ट अ‍ॅनालिस्ट, स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना ऑटोमेशन आणि टीम लीडला टेस्ट मॅनेजमेंट. अ‍ॅडव्हान्स्ड स्तरासाठी फाउंडेशन आधी उत्तीर्ण असावे लागते. त्यामुळे ज्यांना पुढे न्यायचे आहे, त्यांचा क्रम आधी लावावा.

वेळेचे गणित कसे मांडावे?

२० जणांची टीम धरू. प्रत्येकी १,१३५ मिनिटे म्हणजे एकूण सुमारे ३७८ तास. आठ तासांचा दिवस धरला तर ४७ मनुष्यदिवस. ही फक्त शिकवण्याची वेळ झाली. उजळणी आणि सराव परीक्षा वेगळ्या.

हे ४७ दिवस कुठून तरी येणारच आहेत. कंपनीने ते प्रोजेक्टच्या वेळापत्रकात दाखवले नाहीत, तर ते कर्मचाऱ्याच्या रात्रीतून, रविवारातून आणि हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या बसमधल्या मोबाइलच्या पडद्यावरून येतात. घरी लहान मूल असलेल्या किंवा आजारी आई-वडिलांकडे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला हा वेळ काढणे सर्वांत जड जाते. मग तीच व्यक्ती अप्रेझलमध्ये ‘उद्दिष्ट अपूर्ण’ ठरते. कौशल्य मोजण्याच्या नावाखाली कोणाकडे मोकळा वेळ आहे, तेवढेच मोजले जाते.

यावर मार्ग अवघड नाही. आठवड्याला दोन तास कामाच्या वेळेत ठेवले, तर १९ तासांचा अभ्यासक्रम दहा आठवड्यांत संपतो. पुढचे दोन आठवडे सराव परीक्षांसाठी. म्हणजे एका तिमाहीत एक तुकडी तयार होते. संपूर्ण टीम एकदम न बसवता तीन तुकड्या कराव्यात आणि मोठ्या रिलीजच्या आसपास परीक्षेची तारीख ठेवू नये.

महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक आठवड्याचा धडा त्याच आठवड्यात स्वतःच्या प्रॉडक्टवर वापरावा. रिव्ह्यूचा धडा झाला, की पुढच्या महिन्यात येणाऱ्या फीचरचे मागणीपत्रक घेऊन बसावे. डिसिजन टेबल शिकले, की आपल्याच अ‍ॅपमधील सवलती किंवा शुल्काचे नियम त्यात मांडावेत. असे करताना चालू सॉफ्टवेअरमध्ये एखादा दोष सापडला, तर प्रशिक्षणाचा उपयोग वरिष्ठांना वेगळा सांगावा लागत नाही. या तासांना डेव्हलपरनाही बसवावे. परीक्षा त्यांनी दिली नाही तरी चालेल.

‘डम्प’ आणि घाऊक उत्तीर्णतेचा धोका काय?

लक्ष्य फक्त टक्केवारीचे असले, की ‘परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फाइल्स, म्हणजे डम्प, टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतात. परीक्षेतील प्रश्न बाहेर देणे हा गोपनीयतेच्या नियमांचा भंग आहे. शिवाय त्या फाइल्समधील उत्तरे अनेकदा चुकीची किंवा जुन्या अभ्यासक्रमाची असतात. अधिकृत नमुना प्रश्नपत्रिका मोफत असताना हा मार्ग धरला जातो, कारण अभ्यासाला वेळ दिलेला नसतो. तेव्हा बंदीच्या ईमेलपेक्षा वेळापत्रक सुधारणे जास्त परिणामकारक. भरती करताना उमेदवाराचे प्रमाणपत्र खरे आहे का, हे मात्र आयएसटीक्यूबीच्या यशस्वी उमेदवारांच्या नोंदवहीत पडताळता येते.

शुल्क कोणी भरायचे? बाँडचे काय?

प्रमाणपत्र कंपनीला निविदेत उपयोगी पडणार असेल, तर शुल्क कंपनीने भरावे हे सरळ आहे. ‘आधी तुम्ही भरा, पास झालात तर परत देऊ’ ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते. कमी पगारावरच्या नव्या कर्मचाऱ्यासाठी ती अडचणीची आहे. किमान पहिल्या प्रयत्नाचे शुल्क निकाल काहीही लागला तरी कंपनीने द्यावे.

शुल्क भरल्यावर कर्मचारी लगेच नोकरी सोडून गेला तर, ही कंपन्यांची भीती खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. मात्र तो निकाल सार्वजनिक क्षेत्रातील बँक आणि तिचा भरतीचा खर्च यांच्या संदर्भात होता. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई ‘वाजवी’ असावी लागते. एका परीक्षेच्या शुल्कासाठी दोन वर्षांचा बाँड लिहून घेणे या कसोटीवर टिकवणे कठीण आहे. वसुलीची अट ठेवायचीच, तर ती प्रत्यक्ष खर्चापुरती असावी, दर महिन्याला कमी होत जावी आणि परीक्षेच्या आधी लेखी सांगितलेली असावी.

मग यश कशावरून मोजावे?

‘८० टक्के टीम प्रमाणित’ हा आकडा निविदेसाठी ठेवायला हरकत नाही. अप्रेझलमध्ये त्याला जागा नसावी. एका प्रयत्नात नापास होणे हा शिकण्याचा भाग आहे. त्यासाठी वेतनवाढ अडवली, की पुढच्या तुकडीतील लोक शिकण्याऐवजी फक्त पास होण्याची वाट शोधतात.

कंपनीने त्याऐवजी सहा महिन्यांनी दोषांची ती पहिली यादी पुन्हा काढावी. ग्राहकापर्यंत पोहोचलेले दोष कमी झाले का? मागणीपत्रकाच्या टप्प्यावर सापडणारे वाढले का? टेस्टरने ‘हे अजून तपासलेले नाही’ असे सांगितल्यावर किती वेळा रिलीज थांबली आणि किती वेळा तशीच पुढे गेली?

यातला शेवटचा प्रश्न व्यवस्थापनाला सर्वांत अवघड जाईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सुधारण्यासाठी टीमने अभ्यास करायचा आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र रिलीजवर सही करणाऱ्यालाच द्यावे लागेल. कोणत्याही नियोजनात या सहीची जबाबदारी लिहिलेली नसेल, तर टीमने कितीही प्रमाणपत्रे मिळवली तरी सॉफ्टवेअर आहे तिथेच राहील.